‘कंडिशन कशी आहे?’ : जुन्या खेळण्यांचे सेट विकताना काय लिहायचं

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. मुलगा नोकरीसाठी बाहेर गेला. मुलुंडच्या घराचा माळा रिकामा करताना त्याचे लेगोचे सेट, हॉट व्हील्सच्या गाड्या, मेकॅनिक्सचे (धातूच्या पट्ट्या आणि नटबोल्ट जोडून खेळायचे) डबे आणि फनस्कूलचे थोडे जी. आय. जो सैनिक-पुतळे निघाले. त्यातला लेगोचा पोलीस स्टेशनचा सेट तुम्ही ‘एक्सलंट कंडिशन’ लिहून विकलात. पुण्याच्या गिऱ्हाइकाने पार्सल उघडलं आणि कळवलं की पांढरे पीस पिवळट पडलेत, काही पीस कमी आहेत आणि डब्याला डांबरगोळ्यांचा वास येतोय. पैसे परत द्यावे लागले, वर ‘फसवलंत’ हेही ऐकून घ्यावं लागलं. आता उरलेल्या मालाला ‘एक्सलंट’ म्हणू, ‘व्हेरी गुड’ म्हणू की नुसतं ‘युज्ड’ लिहू, आणि सगळे दोष लिहिले तर भाव पडणार नाही का, असं तुम्ही विचारताय.

मी दादरला राहतो आणि जुनी खेळणी घेणं-विकणं हा माझा बऱ्याच वर्षांचा उद्योग आहे. त्या अनुभवावरून सांगतो, यातला कुठलाही शब्द निवडलात तरी तोच प्रकार पुन्हा होईल. तुमच्या डोळ्यांना तो सेट खरंच एक्सलंट होता. मुलाने जपून खेळलेला, काही मोडलेलं नाही. घेणाऱ्याने मात्र ‘एक्सलंट’ वाचून वेगळंच चित्र डोळ्यांपुढे आणलं होतं. म्हणजे अडचण शब्द चुकला ही नव्हती. गिऱ्हाइकाला जे आधी कळायला हवं होतं ते त्याला पार्सल उघडल्यावर कळलं, ही होती. माशाच्या बाजारात कोळीण ‘ताजं आहे हो’ एवढं म्हणून थांबत नाही, कल्ला उचलून दाखवते. तुम्हाला नेमकं तेच करायचंय, फक्त फोटोत आणि चार ओळींत.

किती खोलात जायचं हे दोन गोष्टींवर ठरेल. पहिली म्हणजे घेणारा कोण. कपाटात मांडायला घेणारा संग्राहक खोक्याच्या कोपऱ्यापर्यंत सगळं विचारतो. मुलाला खेळायला घेणाऱ्या आईबापांना सेट पूर्ण हवा आणि स्वच्छ हवा, खोक्याशी त्यांना घेणंदेणं नसतं. तिसरा गट सुट्या पार्टसाठी घेणाऱ्यांचा, त्यांना फक्त काय काय आहे ते सांगा. दुसरी गोष्ट म्हणजे सेटची किंमत. चारशे-पाचशे रुपयांच्या डब्यासाठी तीन संध्याकाळी पीस मोजत बसू नका. मोठ्या सेटसाठी जरूर बसा.

आता लेगो. तुम्ही लिहिलंय की त्यात नारिंगी रंगाचा मोठा ट्रक आहे, मामाने सिंगापूरहून आणलेला, खोक्यावर 8110 नंबर. तो टेक्निक मालिकेतला युनिमॉग, 2011 साली आलेला, 2,048 पीसचा. सेटचा नंबर जाहिरातीत पहिल्या ओळीतच टाका. जाणकार माणूस ‘लेगो ट्रक’ असं शोधत नाही, 8110 असं शोधतो. आणि नंबर दिला की मुळात त्या खोक्यात काय काय होतं हे त्याला आपोआप कळतं, मग तुम्हाला फक्त फरक सांगायचा उरतो.

फरकात पहिला येतो तो पूर्णपणा, आणि तो कंडिशनपासून वेगळा ठेवा. एखादा सेट चकाचक असून अपुरा असू शकतो, दुसरा ओरखड्यांनी भरलेला असून शंभर टक्के पूर्ण असू शकतो. ‘पूर्ण आहे’ हे दोनच प्रकारे म्हणता येतं : मोजून किंवा बांधून. मोजायचं तर पुस्तिकेच्या शेवटच्या पानांवर सगळ्या पीसची चित्रं आणि संख्या असते. ब्रिकलिंकवरही सेटच्या नंबरवरून ही यादी मिळते (ही साइट 2019 मध्ये लेगो कंपनीनेच विकत घेतली). माझं मत विचाराल तर बांधणं बरं. एखादी पिन कमी असली तर पायरी अडते आणि नेमकं काय नाही ते तिथेच कळतं. युनिमॉगसारख्या सेटमध्ये गिअर उलटा बसला तरी मोजणीत तो पूर्णच दिसेल, पण यंत्रणा फिरणार नाही, हेही बांधतानाच समजतं. मुलगा सुट्टीला घरी आला की त्यालाच बसवा.

तेवढा वेळ नसेल तर ‘पीस मोजलेले नाहीत’ असं सरळ लिहा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ‘बहुतेक पूर्ण असावा’ हे मात्र लिहू नका. ते वाचून प्रामाणिक माणूस गोंधळतो आणि चलाख माणूस भाव पाडतो. एक-दोन पीस कमी निघाले तर त्यांची नावं द्या, नाव माहीत नसेल तर पुस्तिकेतल्या त्या पीसवर बोट ठेवून फोटो काढा. लहानसहान पीस सुटे विकत मिळतात, त्यामुळे ‘तीन काळ्या पिना कमी’ वाचून कुणी पळून जात नाही. ‘काही पीस कमी असू शकतात’ वाचून जातात, कारण त्या ‘काही’मध्ये मोटरही असू शकते.

दुसऱ्या सेटमधले किंवा नकली पीस मिसळलेत का तेही पाहा. अस्सल लेगोच्या पीसवरच्या प्रत्येक बुटक्या बटणावर कंपनीचं नाव उठवलेलं असतं, भिंग घेतलंत तर सहज दिसेल. क्रॉफर्ड मार्केटमधून आणलेला दुसरा ब्लॉकचा डबा आणि लेगो एकाच टोपलीत, हे आपल्याकडे घरोघरी असतं. आणखी एक बारकावा : लेगोने 2004 च्या सुमारास करड्या रंगाच्या छटा बदलल्या. जुन्या करड्यात किंचित पिवळसर झाक आहे, नव्यात निळसर. हरवलेल्या पीसच्या जागी जुन्या डब्यातला करडा पीस लावलेला असेल तर तुमच्या-माझ्या नजरेतून सुटेल, संग्राहकाच्या नाही.

मग प्लास्टिक. पिवळेपणा हा दोष सगळ्यात जास्त लपतो, कारण सगळे पीस सारखेच पिवळे झाले की डोळा त्यालाच पांढरं समजतो. झेरॉक्सचा कोरा कागद शेजारी ठेवा, लगेच उघडं पडेल. लेगोचं प्लास्टिक म्हणजे एबीएस. उन्हातल्या अतिनील किरणांनी ते पिवळं पडतं. पांढऱ्या, फिकट करड्या आणि निळ्या पीसवर ते आधी दिसतं. खिडकीजवळच्या शोकेसमध्ये राहिलेल्या सेटची एक बाजू पिवळी आणि दुसरी पांढरी, असंही होतं. अशा वेळी दोन्ही बाजूंचे फोटो द्या. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून पिवळेपणा काढायचे व्हिडिओ तुम्हाला सापडतील. विकण्यासाठी म्हणून तो उद्योग करू नका. पिवळेपणा पुन्हा येऊ शकतो, आणि केलाच असेल तर ते लिहावं लागतं.

तडे पाहायच्या जागा ठरलेल्या आहेत. लेगोच्या छोट्या माणसांच्या धडाच्या बाजूला, खालच्या कडेपाशी, केसासारखी रेघ उठते. प्रकाशात तिरकं धरल्याशिवाय ती दिसत नाही. हात मनगटात सैल झालेत का ते हलवून बघा. युनिमॉगच्या काळातले लालसर तपकिरी आणि गडद लाल पीस ठिसूळ निघतात, विशेषतः क्लिपवाले, त्यामुळे ते ओढून काढताना जपा. पीस दाताने वेगळे केले असतील (सगळी मुलं करतात) तर कडांवर दातांच्या खुणा असतात. जिथे असतील तिथला एक फोटो पुरे.

युनिमॉगमध्ये बॅटरी बॉक्स आणि मोटर आहे. बॅटरी बॉक्स उघडून पाहा. त्यात सहा पेन्सिल सेल बसतात, आणि मुलगा कॉलेजात गेला तेव्हापासून ते तिथेच असतील तर फुटून हिरवट-पांढरी बुरशीसारखी भुकटी जमलेली असेल. नवे सेल घालून मोटर फिरवा आणि दहा-पंधरा सेकंदांचा व्हिडिओ काढा. त्या ट्रकची मागची क्रेन हवेच्या दाबावर चालते. नळ्या कडक झाल्या की हवा गळते आणि क्रेन वर जाऊन हळूहळू खाली येते. तसं होत असेल तर तसंच लिहा : ‘क्रेन उचलते, पण उचललेली राहत नाही.’ या एका वाक्याने समोरच्याला कळतं की तुम्ही सेट चालवून पाहिलाय. बाकीच्या वर्णनावर त्याचा विश्वास इथूनच बसतो.

तपासायच्या आधी धुवा. कोमट पाणी, चाळीस अंशांपेक्षा गरम नको, आणि सौम्य साबण. वाळवायचं पंख्याखाली, गच्चीत उन्हात नाही. स्टिकर लावलेले पीस, मोटर आणि बॅटरी बॉक्स पाण्यात घालायचे नाहीत. स्टिकरच्या कडा उचलल्यात का, वाकडे चिकटवलेत का, हे एका ओळीत सांगा.

आता आपल्या मुंबईचं खास दुखणं. परदेशी साइटवरच्या कंडिशनच्या तक्त्यांत दमटपणाला रकानाच नसतो, आपल्याकडे मात्र तो सगळ्यात आधी लागतो. चार महिन्यांचा पाऊस माळ्यावर काढलेलं खोकं बाहेरून ठीक दिसतं, आतून पुठ्ठ्याचे थर सुटलेले असतात. पुस्तिकेवर तपकिरी ठिपके, पानं एकमेकांना चिकटलेली, कसर लागून कडा कुरतडलेल्या. सेलोटेप लावली असेल तिथे पिवळा पट्टा. वास फोटोत येत नाही, म्हणून तो लिहावाच लागतो. कुबट असेल तर ‘कुबट वास’, डांबरगोळ्यांचा असेल तर तसं. डांबरगोळ्या खेळण्यांत ठेवू नका हे जाता जाता सांगतो, त्यांच्या संपर्कात काही प्लास्टिकं मऊ पडतात. खोकं आणि पुस्तिका चार दिवस पंख्याच्या वाऱ्यावर उघडी ठेवली की वास पुष्कळ कमी होतो, पण पूर्ण गेला असं स्वतःच ठरवू नका. घराबाहेरच्या कुणाला तरी हुंगायला द्या. आपल्या घरचा वास आपल्याला येत नाही. शेजारच्या काकूंना येतो.

मेकॅनिक्सची गोष्ट तर दमटपणापाशीच सुरू होते आणि तिथेच संपते. पट्ट्या धातूच्या, त्यामुळे गंज. पट्टीवरचा रंग उडणं वेगळं आणि गंज वेगळा, दोन्ही वेगवेगळे लिहा. नटबोल्ट एका वाटीत काढून फिरतात का ते पाहा, न फिरणारे बाजूला काढा. हे पाण्याने धुवायचे नाहीत, कोरड्या ब्रशने झटकायचे.

हॉट व्हील्समध्ये एक गैरसमज फार आहे. गाडीच्या तळावरचं साल म्हणजे गाडी बनल्याचं साल नव्हे. ते त्या साच्याचं कॉपीराइट साल असतं, आणि तोच साचा पुढे वर्षानुवर्षं वापरला जातो. म्हणून ‘1982 ची दुर्मीळ गाडी’ असं लिहून मोकळे होऊ नका, तळाचा फोटो द्या. देशाचं नाव, साल आणि 2008 पासूनच्या गाड्यांवर असलेला छोटा कोड पाहून घेणारा स्वतः ठरवेल. खेळलेल्या गाडीत बघायचं ते एवढंच : रंग कुठे उडालाय (बहुधा पुढच्या बंपरवर आणि छपराच्या कडांवर), आस वाकलाय का, चाकं रबरी आहेत की प्लास्टिकची. काचेसारख्या सपाट पृष्ठभागावर गाडी सोडून पाहा, सरळ जाते की वळते ते कळेल. कार्डावर असलेल्या गाड्यांना कार्डाची कंडिशन वेगळी लागते : कोपरे दुमडलेत का, गाडीवरचं पारदर्शक प्लास्टिकचं आवरण पिवळं पडलंय का, दुकानदाराच्या किमतीचं लेबल आहे का. ते लेबल खरवडून काढू नका, खालचा छापील कागद हमखास सोबत येतो.

जी. आय. जो थोडक्यात उरकतो. 1982 पासूनच्या या छोट्या आकाराच्या पुतळ्यांत कंबरेला आत एक रबरी रिंग असते, ती कालांतराने तुटते आणि पुतळा कंबरेत सुटतो. रिंग बदलता येते, त्यामुळे हा लहान दोष आहे. तुटलेला अंगठा मोठा दोष, कारण त्यानेच बंदूक धरली जाते. पायांच्या सांध्यातला मधला भाग चिरलाय का पाहा. हत्यारं कुठल्या पुतळ्याची कुठली हे खात्रीने माहीत नसेल तर जोड्या लावू नका, सगळी एकत्र मांडून फोटो काढा.

तुमच्याकडे एखादं सीलबंद खोकंही निघालंय म्हणता. ते उघडू नका. ‘सील्ड’ लिहायच्या आधी चारही बाजूंच्या पट्ट्या पाहा. कंपनीची मूळ चिकटपट्टी आणि घरातली सेलोटेप यांतला फरक दिसतो, आणि प्रत्येक पट्टीचा जवळून फोटो हवा. खोकं चेपलेलं असेल तर ‘सीलबंद, खोकं चेपलेलं’ असं दोन्ही लिहा.

फोटोंसाठी कॅमेऱ्यापेक्षा जागा महत्त्वाची. सकाळी खिडकीपाशी, थेट ऊन नसलेल्या ठिकाणी, फ्लॅश बंद. ट्यूबलाइटच्या उजेडात पिवळा पांढरा दिसतो आणि पांढरा निळा. फोटोला फिल्टर नको, फोन आपणहून रंग खुलवत असेल तर ते बंद करा. आधी पूर्ण सेट, मग चारी बाजू, मग खालची बाजू आणि मग प्रत्येक दोष. दोषाच्या शेजारी पट्टी किंवा रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो. इंटरनेटवरून कंपनीचा फोटो उचलून लावायचा नाही, तो पाहिला की मी स्वतः पुढच्या जाहिरातीवर जातो.

भावाचं सांगतो. दोष लिहिले की विचारणा कमी येतात, हे खरं आहे. पण ज्या येतात त्या घेण्यासाठी येतात. पिवळ्या पीसचा सेट पांढऱ्याच्या भावात कधीच टिकत नाही. एकतर तो आधी उतरतो, नाहीतर पार्सल पोहोचल्यावर उतरतो आणि तेव्हा येण्याजाण्याचं कुरिअरही तुमच्या अंगावर पडतं. भाव ठरवताना लोक काय मागताहेत ते पाहू नका, मागायला पैसे पडत नाहीत. त्याच नंबरचे तशाच कंडिशनचे सेट प्रत्यक्षात कितीला गेलेत ते पाहा. काही सेटचे दोष भावात फारसे दिसतही नाहीत, कारण ते मिळतच नाहीत. काहींचे खूप दिसतात, कारण चांगले शेकड्याने उपलब्ध आहेत. हे सेटनुसार बदलतं, सरसकट आकडा सांगता येणार नाही.

नमुन्यादाखल, युनिमॉगची जाहिरात मी अशी लिहीन. तुमच्या सेटमध्ये जे खरं निघेल ते घाला :

‘लेगो टेक्निक 8110 युनिमॉग (2011). पुस्तिकेप्रमाणे पूर्ण बांधून तपासला. तीन काळ्या पिना कमी, बाकी सगळे पीस आहेत. मोटर चालते, व्हिडिओ सोबत. क्रेन उचलते, पण दोन मिनिटांत खाली येते. नारिंगी पीसचा रंग चांगला, फिकट करडे पीस छपरावर किंचित पिवळट, फोटो 6 पाहा. दोन पीसवर दातांच्या खुणा, फोटो 7. स्टिकर लावलेले आहेत, उजव्या दारावरचा कडेला उचललाय. पुस्तिका सगळ्या आहेत, एकीचं मुखपृष्ठ सुटलंय आणि दमटपणाचे डाग आहेत. मूळ खोकं आहे, एक कोपरा फाटलेला. अनेक वर्षं माळ्यावर होता. धुऊन वाळवला. पीसना वास नाही, खोक्याला थोडा कुबट वास आहे. एकाच मुलाने वापरला. सुटा करून, पिशव्यांत भरून पाठवेन.’

यात ‘एक्सलंट’ कुठेच नाही. जाहिरात इंग्रजीत लिहिलीत तरी क्रम हाच ठेवा. साइटवर कंडिशनचा रकाना भरावाच लागत असेल तर तिथे एक पायरी खालचं निवडा आणि खरं काय ते वर्णनात सांगा. ‘मुलांसाठी सुरक्षित’ वगैरे आपल्याकडून लिहू नका. खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक झालं ते 1 जानेवारी 2021 पासून. तुमचा माल त्याआधीचा आहे, आणि लहान पीस गिळले जाण्याचा धोका आहेच, म्हणून ‘संग्रहासाठी’ असं लिहिलेलं बरं.

पाठवताना पिशव्या वजन काट्यावर ठेवून फोटो काढा आणि खोकं बंद करतानाचा सलग व्हिडिओ ठेवा, म्हणजे वाटेत काही गळलं तर वाद कुरिअरशी होतो, तुमच्याशी नाही. गिऱ्हाईक मुंबईतलंच असेल तर समोरासमोर द्या. स्टेशनबाहेर भेटायचं तर गर्दीची वेळ टाळा आणि त्याला खोकं उघडून बघू द्या. विरारहून कुणी येणार असेल तर निघण्याआधीच दोषांचे फोटो त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा पाठवा आणि ‘पाहिले’ असं त्याच्याकडून लिहून घ्या.

पुण्याच्या गिऱ्हाइकाकडून परत आलेला तो पोलीस स्टेशनचा सेट आत्ताच पुन्हा लावू नका. आधी धुवा, कागदाशेजारी धरून पिवळेपणा पाहा आणि कुठले पीस कमी ते काढा. त्याने पाठवलेल्या तक्रारीत अर्धी यादी तुम्हाला तयारच मिळाली आहे.